ब्रायंट यांच्या निवडीचा ताळेबंद

१२ सप्टेंबर १९७० रोजी दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाने अलाबामाला अमेरिकन फुटबॉलमध्ये ४२-२१ असे हरवले. या पराभवानेच प्रशिक्षक बेअर ब्रायंट यांना कृष्णवर्णीय खेळाडू घेण्याची बुद्धी झाली, अशी आख्यायिका आहे. तारखा वेगळेच सांगतात. विल्बर जॅक्सनला शिष्यवृत्ती त्यापूर्वीच मिळाली होती. १९७४ मध्ये व्यावसायिक संघाने त्याला पहिल्याच फेरीत निवडले. १९७१ मध्ये आलेला जॉन मिचेल पुढच्याच वर्षी सहकर्णधार आणि १९७३ मध्ये तिथेच सहायक प्रशिक्षक झाला. पारख चोख ठरली. पण ब्रायंट १९५८ पासून प्रशिक्षक होते. मधल्या वर्षांत ज्यांच्या दारी कोणी गेलेच नाही, त्यांचा रकाना या ताळेबंदात कोराच राहतो.