अंगणवाडीतलं अंगण गेलं कुठं?

अंगणवाडी हा शब्द मंत्रालयातून आलेला नाही. १९४५ साली ताराबाई मोडक यांनी बोर्डीत बालवाडी काढली, सोबत अनुताई वाघ. वस्तीतली मुलं तिथं येईनात, तेव्हा या दोघींनी शाळाच त्यांच्या अंगणात नेली. माँटेसरीची साधनं महाग. मग शिंपले, बिया, पानं वापरली. पुढे कोसबाडला गुरं राखणाऱ्या पोरांसाठी कुरणातच शाळा भरली. भिंती नव्हत्या, पण उजेड होता, हातपाय हलवायला जागा होती.

१९७५ ला केंद्राची बालविकास योजना आली. तिनं नाव उचललं, अंगण मागेच राहिलं. सानपाड्यातले जागेचे भाव बघता अंगण मागितलं तर लोक हसतील म्हणा! पण मतं मागायला येणाऱ्यांना एवढं तरी विचारा: पोरांच्या खोलीला खिडकी आहे का, आणि फळा कुणाच्या उंचीवर लावलाय?