वाचनालयाचे तीन वाटेकरी

मनुष्याच्या पोटाची चिंता वाहणाऱ्या संस्था पुष्कळ आहेत. त्याच्या रिकाम्या वेळेची चिंता मात्र बहुधा कोणाच्याच वाट्यास येत नाही. संध्याकाळी चार घटका कोठे बसावे, काय वाचावे, कोणाशी बोलावे, हा प्रश्न मोठ्या शहरात नाट्यगृहे व उद्याने सोडवितात. लहान गावात तो सोडविण्याचे सर्वांत स्वस्त आणि सर्वांस खुले असे साधन म्हणजे वाचनालय होय. परंतु वाचनालय काढणे जितके सोपे, तितके ते चालविणे कठीण. ते कोणी चालवावे, लोकांनी की सरकारने, या वादाचा आमच्याकडील इतिहास शंभर वर्षांहून जुना आहे, आणि तो भिवापूरसारख्या गावास आजही उपयोगी पडण्याजोगा आहे.

मुंबई इलाख्यात या कार्यास आरंभ लवकर झाला. रत्नागिरीस 1828 मध्ये, नाशिकास 1840 मध्ये व पुण्यास 1848 मध्ये ग्रंथालये निघाली. गोऱ्या अधिकाऱ्यांचे उत्तेजन व प्रतिष्ठित गृहस्थांची वर्गणी यांवर ही पहिली पिढी उभी राहिली. 1893 मध्ये ठाण्यास विनायक लक्ष्मण भावे यांच्या पुढाकाराने मराठी ग्रंथसंग्रहालय स्थापन झाले व त्यापाठोपाठ 1898 मध्ये मुंबईचे. या संस्था लोकांच्या होत्या, हे त्यांचे भूषण. पण ज्या गावी भाव्यांसारखा खटपटी पुरुष नाही, तेथे काय करावे, या प्रश्नास त्यांच्यापाशी उत्तर नव्हते.

नागपूर प्रांताची वाट निराळी होती. लॉर्ड रिपन यांच्या 1882 च्या ठरावानंतर मध्यप्रांतात 1883 मध्ये स्थानिक स्वराज्याचा कायदा झाला व ग्रामीण भागाचा कारभार लोकल बोर्डे व डिस्ट्रिक्ट कौन्सिले यांजकडे आला. रस्ते, शाळा, दवाखाने यांतच त्यांची तुटपुंजी मिळकत खर्ची पडे. 1923 मध्ये विदर्भ साहित्य संघ स्थापन झाला आणि वाङ्मयीन चळवळीस बळ आले खरे. तथापि गावोगावच्या वाचनालयास नियमित पैसा कोणी द्यावा, हे ठरले नाही.

ते ठरविले बडोद्याने. सयाजीराव महाराजांनी 1910 मध्ये विल्यम बोर्डेन या अमेरिकन ग्रंथपालास पाचारण केले. त्यांच्या राज्यात ग्रंथालयांची जी पद्धती रुजली, तिचे मर्म एका वाक्यात सांगता येते: गावाने जितकी वर्गणी जमवावी, तितकीच रक्कम प्रांत पंचायतीने द्यावी व तितकीच सरकारने, अर्थात ठराविक मर्यादेपर्यंत. इमारतीसही हाच न्याय. येथे लोक याचक नव्हेत व सरकार दाता नव्हे, तिघेही वाटेकरी. एकाने हात आखडला की उरलेल्या दोघांस त्याचा जाब विचारण्याचा हक्क प्राप्त होई. दरिद्री गाव वर्गणी कोठून आणील, असा आक्षेप कोणी घेईल. त्याचेही उत्तर बडोद्यापाशी होते. अशा ठिकाणी पुस्तकांच्या पेट्या फिरत्या ग्रंथालयातून विनामूल्य पाठविल्या जात.

पुढील कायद्यांनी हा तिवई-न्याय पूर्णपणे उचलला नाही. मद्रासच्या 1948 च्या कायद्याने घरपट्टीवर ग्रंथालय-कर बसविला. पण स्थानिक संस्थांनी गोळा केलेला कर ग्रंथालयापर्यंत वेळेवर पोहोचत नाही, ही तक्रार तिकडे जुनीच आहे. 1956 मध्ये विदर्भ मुंबई राज्यात आला, 1960 मध्ये महाराष्ट्र झाला, आणि 1967 च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायद्याने भिवापूर व पुणे प्रथमच एका व्यवस्थेखाली आले. या कायद्यात कर नाही. संस्था लोकांची, तिला अ, ब, क, ड असा वर्ग, आणि वर्गाच्या मर्यादेत मान्य खर्चाचा बहुतांश भार सरकारी अनुदानावर. या योगे खेड्यापाड्यांत हजारो वाचनालये उघडली, हा लाभ थोडा नव्हे. परंतु तीन पायांची तिवई येथे दोन पायांवर आली, व त्यांतलाही एकच पाय जाड. अनुदानास विलंब झाला की प्रथम ग्रंथपालाचा पगार थकतो, मग वर्तमानपत्रे बंद होतात, आणि शेवटी दारास कुलूप लागते.

मधला वाटेकरी, म्हणजे गावाची स्वतःची सत्ता, तोच आज हरवलेला आहे. भिवापूर हे आपल्या मिरचीकरिता सर्वत्र विख्यात गाव. त्या मिरचीस अलीकडे भौगोलिक मानांकनही लाभले. नागपूर-नागभीडची छोटी गाडी 1908 पासून 2019 पर्यंत येथून धावत असे. आता हे तालुक्याचे ठाणे असून येथे नगरपंचायत आहे. अशा संस्थेने वाचनालयास जागा, दिवाबत्ती व पाणी द्यावे. नागरिकांनी वर्गणी व देखरेख द्यावी. राज्याने ग्रंथ व पगार द्यावा. आणि हा करार कागदावर असावा. शिवाय दरसाल थोडी रक्कम दुरुस्तीकरिता बाजूस ठेवावी, कारण इमारतीचे उद्घाटन करण्यास सारेच येतात, पण तिचे गळके छप्पर शाकारण्यास कोणी येत नाही. जमाखर्च मात्र दारावर लावलेला असावा.

वर्गणी अल्प असली तरी ती माफ करू नये, असे आमचे आग्रहाचे मत आहे. तिने तिजोरी भरत नाही, हे आम्ही जाणतो. पण महिन्याकाठी चार पैसे देणारा मनुष्य दार बंद दिसल्यास चौकशीला येतो. फुकट वाचणारा मुकाट्याने घरी परततो. घरी अभ्यासास कोपरा नसलेली मुलगी, मिरचीच्या तोडणीवरून आलेला व वर्तमानपत्र चाळू पाहणारा मजूर, पेन्शन घेऊन एकाकी पडलेला शिक्षक, यांस दुसरी जागा नाही. त्यांच्याकरिता ते दार रोज उघडले पाहिजे, आणि ते उघडावयाचे तर त्यावर तीन हात असले पाहिजेत, हाच या इतिहासाचा इत्यर्थ होय.