विहार तलाव : पुण्य, कर्ज आणि कर

पाणी ही विकण्याची वस्तु नव्हे, ही आपल्याकडील जुनी समजूत होय. वाटेवर पाणपोई घालणारा किंवा वस्तींत विहीर बांधणारा गृहस्थ पुण्यवान गणला जाई; त्याच्याकडे कोणी खर्चाचा हिशेब मागत नसे, व तोही पाणी पिणाऱ्याकडे मोल मागत नसे. मुंबई शहर प्रथम अशाच पुण्याईवर जगलें. भिखा बेहराम या पारशी गृहस्थानें १७२५ सालीं बांधलेली विहीर चर्चगेटनजीक अद्याप आहे. कावसजी पटेलांचा तलाव बुजला, पण त्या भागास सी. पी. टँक हें नांव राहिलें. परंतु दाता आपल्या ऐपतीप्रमाणें देतो, शहराच्या गरजेप्रमाणें नव्हे. १८४९ च्या खानेसुमारींत मुंबईची वस्ती साडेपांच लाखांवर भरली. एवढ्या लोकांस दानधर्माच्या विहिरी पुरणें शक्य नव्हतें.

टंचाईची ओरड १८४५ पासूनच सुरू होती. लोकांनीं तक्रारी केल्या, सरकारनें चौकशी नेमली, अहवाल आले. साष्टी बेटांत विहार गांवाजवळ मिठी नदीची दरी अडवावी आणि तेथील पाणी नळांनीं मुंबईस आणावें, ही हेन्री कॉनिबेअर या इंजिनीयराची योजनाही पुढें आली. मग काम कां अडलें? खर्च कोणीं सोसावा, हा प्रश्न सुटेना म्हणून. पाणी शहर पिणार, तेव्हां भार शहरानें उचलावा, हें म्हणणें सोपें होतें; परंतु एवढें कर्ज काढून तें फेडील अशी समर्थ संस्थाच शहराजवळ नव्हती.

१८५४ सालीं पावसानें दगा दिला, आणि नऊ वर्षांच्या चर्चेनें जें झालें नव्हतें तें तहानेनें घडवून आणलें. विहिरी आटल्या, गुरें शहराबाहेर हांकावीं लागलीं, गलबतांतून आणि नुकत्याच सुरू झालेल्या आगगाडींतून पाणी आणावें लागलें. अखेर लॉर्ड एल्फिन्स्टन गव्हर्नर असतांना, १८५६ च्या जानेवारींत, विहारचें काम सुरू झालें. सत्तावन्नच्या धामधुमींतूनही तें पार पडलें व १८६० सालीं पुरें झालें. मातीचीं तीन धरणें बांधून डोंगरांवरचें पाणी अडविण्यांत आलें; तलाव शहराहून उंचावर असल्यामुळें तें केवळ उताराच्या जोरावर लोखंडी नळांतून वाहत येई.

येथवर गोष्ट इंजिनीयराची झाली. नागरिकांची गोष्ट यापुढची आहे. सरकारनें घातलेला पैसा शहराच्या नांवें कर्ज म्हणून लिहिला गेला, आणि त्याच्या फेडीचा भार म्युनिसिपालिटीवर आला. काल जें पुण्य म्हणून मिळत होतें त्यासाठीं आज कर भरावा लागला. पुष्कळांस हें जाचक वाटलें असल्यास नवल नाहीं. परंतु दान घेणारा मुकाट्यानें आशीर्वाद देतो, तर कर देणारा हिशेब मागतो, हा भेद ध्यानांत घेण्यासारखा आहे. १८७१ सालीं म्युनिसिपल कमिशनर आर्थर क्रॉफर्ड यांच्या खर्चिक कारभाराविरुद्ध करदात्यांनीं चळवळ केली. तिचा विषय एकटें पाणी नव्हता हें खरें; तथापि शहराच्या नांवें कर्ज काढतां, तर शहराला विचारा, हाच तिचा मथितार्थ होता. १८७२ च्या कायद्यानें कॉर्पोरेशनच्या ६४ सभासदांपैकीं निम्मे निवडण्याचा हक्क करदात्यांस मिळाला.

त्यानंतरचीं कामें म्युनिसिपालिटीनें आपल्या अंगावर घेतलीं. १८७९ सालीं तुळशी तलाव झाला, १८९२ सालीं तानसा, आणि १९५७ सालीं वैतरणेवरील मोडकसागर. प्रत्येक वेळीं आतां प्रश्न मिटला असें वाटलें, आणि प्रत्येक वेळीं शहर तलावापेक्षां मोठें झालें. पाण्यासाठीं अधिकाधिक दूर जावें लागलें. आज ज्या शहापूर तालुक्यांत तानसा व भातसा हे मोठे जलाशय आहेत, त्याच तालुक्यांतील कित्येक पाडे उन्हाळ्यांत टँकरची वाट पाहत बसतात. विहारचें कर्ज कागदावर होतें, म्हणून तें शहरास फेडावें लागलें. या पाड्यांचें देणें कोणत्याच वहींत लिहिलेलें नाहीं. परंतु हिशेब मागण्याचा हक्क ज्या शहरानें पाण्याच्या करांतून शिकून घेतला, त्यास तें देणें नाकारतां येणार नाहीं.