माणदेशाच्या अंगणातील मोटार

एखाद्या कुटुंबाच्या दारात कोणते वाहन उभे आहे, यावरून त्या कुटुंबाची ऐपत तर कळतेच. परंतु त्या प्रदेशाचा इतिहासही उलगडत जातो. सांगली जिल्ह्यातील आटपाडी हे याचे बोलके उदाहरण होय.

1948 पर्यंत आटपाडी औंध संस्थानात मोडत असे. पाऊस बेताचा, जमीन माळरानाची. शेतकऱ्याची प्रतिष्ठा मोजली जाई ती खिलार बैलांच्या जोडीवर. 'आटपाडी महाल' हा खिलार गोवंशाचा नामांकित प्रकार आणि खरसुंडीच्या यात्रेतील जनावरांचा बाजार त्या वैभवाची साक्ष देतात. त्याच वर्षी, 1 जून 1948 रोजी, पुणे ते अहमदनगर या मार्गावर एस.टी.ची पहिली गाडी धावली. पुढील काही दशके सामान्य माणसाची मोटार म्हणजे एस.टी.च होती. खाजगी मोटारीच्या उत्पादनावर परवान्याचे निर्बंध होते. कुर्ल्याच्या कारखान्यातील फियाट वा बंगालमधील ॲम्बॅसडर मिळविण्यासाठी पैसे असूनही वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. डिसेंबर 1983 मध्ये मारुती 800 ही गाडी आली, 1993 मध्ये परवान्याचे बंधन उठले, आणि पुढे कर्जाच्या सोयीने मोटार मध्यमवर्गाच्या आवाक्यात आली.

आटपाडीत मात्र मोटार आली ती दुष्काळाच्या वाटेने. पाण्याअभावी शेती पिकेना, तेव्हा आटपाडी-खानापूर भागातील तरुण गलाईच्या धंद्यासाठी परप्रांती गेले. सराफांकडील जुने दागिने व पेढीवरील कचरा भट्टीत गाळून शुद्ध सोने-चांदी वेगळी करण्याचे हे कष्टाचे काम. त्यात ज्यांचा जम बसला, ते सणासुदीला गावी येऊ लागले ते परराज्याचा क्रमांक मिरविणाऱ्या मोटारीतून. मागाहून डाळिंबाच्या बागा उभ्या राहिल्या, टेंभू योजनेतून कृष्णेचे पाणी उपसून आणले गेले, आणि गावात राहणाऱ्यांच्या दारातही चारचाकी दिसू लागली. ज्यांना हे साधले नाही, त्यांच्यासाठी वडापची जीप होतीच.

जनगणनेनुसार मोटार, जीप वा व्हॅन असलेली कुटुंबे देशात 2001 साली 2.5 टक्के होती. 2011 साली ती 4.7 टक्के झाली. त्याच काळात दुचाकी असलेली कुटुंबे 11.7 वरून 21 टक्क्यांवर गेली. तथापि जनगणना कुटुंबाला जेथे ते राहते तेथे मोजते. गलाईवाल्याची मोटार त्यामुळे दूरच्या शहराच्या खात्यावर पडते. तिच्यामागील घर सोडल्याचे दुःख मात्र माणदेशाच्याच खात्यावर राहते.

आकड्यांची दुसरी बाजूही ध्यानी घेतली पाहिजे. 2011 साली शंभरांतील पंचाण्णव कुटुंबांकडे मोटार नव्हती. 2021 च्या अखेरीस एस.टी. कर्मचाऱ्यांचा संप सुरू होऊन काही महिने लांबला, तेव्हा ज्यांच्या दारी स्वतःचे वाहन होते त्यांची कामे अडली नाहीत. अडली ती शाळकरी मुलींची, रुग्णांची आणि वृद्धांची. दारातील मोटार कुटुंबाची प्रगती खचितच दाखविते. गावाची प्रगती मात्र फाट्यावर उभ्या असलेल्या म्हातारीला वेळेवर गाडी मिळते की नाही, यावरूनच ठरवावी लागेल.