बाळंतविडा

बाळंतविडा : बाळंतीण आणि तिचे मूल यांच्यासाठी जमवलेला कपड्यांचा व उपयोगी वस्तूंचा संच. महाराष्ट्रात पहिले बाळंतपण बहुधा माहेरी होते, म्हणून तो सिद्ध करण्याचा मान मुलीच्या आईचा आणि आजीचा. मावश्या, माम्या, शेजारणी त्यात भर घालतात. बाळंतिणीची साडी, डिंकाचे लाडू, बाळंतशेपा हेही त्यात येते, पण त्याचा गाभा म्हणजे बाळासाठी घरी शिवलेले कपडे : झबली, टोपडी, लंगोट, दुपटी आणि कुंची.

यांतले सर्वांत विचारपूर्वक बेतलेले वस्त्र झबले. नवजात मुलाच्या डोक्याचा घेर सुमारे ३४-३५ सेंमी. असतो, छातीचा त्याहून थोडा कमी, आणि मान धरलेली नसते. अशा मुलाला डोक्यावरून कपडा चढवणे कठीण. म्हणून झबले पुढून किंवा मागून पूर्ण उघडे ठेवून बंदांनी बांधतात. कापडाची उभी-आडवी घडी घालून बाह्या अंगासकट एकाच तुकड्यात कापल्या की खांद्यावर जोड येत नाही. शिवण राहते ती फक्त बाहीखालून कुशीपर्यंत. घेर ४५ ते ५० सेंमी. ठेवला तर हातपाय हलवायला मोकळीक मिळते. गळ्याच्या वळणाला उरेब, म्हणजे तिरपी कापलेली पट्टी लावतात, कारण सरळ पट्टी तिथे चुण्या धरते. शिवणीची माया आत टोचू नये म्हणून अनेक जणी ती बाहेरच्या अंगाला दुमडतात. दिसायला हे उलटे वाटेल, पण कपडा कोणासाठी आहे हे त्यातूनच कळते. बटण तुटून तोंडात जाण्याची भीती असते, म्हणून ते टाळतात. बंदही आखूड आणि पक्क्या टिपेचे हवेत; लांब बंद गळ्याभोवती अडकू शकतात.

पहिली झबली जुन्या कापडाची करतात, आणि अनेक घरांत बारशापर्यंत बाळाच्या अंगाला नवे वस्त्र लावत नाहीत. याला केवळ काटकसर म्हणणे अपुरे आहे. नव्या सुती कापडात खळ असते. वर्षानुवर्षे धुतलेल्या लुगड्यात किंवा धोतरात ती उरत नाही, सूत मऊ पडते आणि पाणी चटकन टिपते. नऊवारी लुगडे सगळीकडे सारखे झिजत नाही. न विरलेला भाग झबल्यांना, विरलेला लंगोटांना, आणि काठ दुपट्यांच्या कडेला असा त्याचा हिशेब जाणत्या बायका कात्री लावण्यापूर्वीच करतात. नवे मलमल किंवा वायल घ्यायचे झाल्यास ते आधी दोनतीनदा धुऊन घ्यावे. कापड आटायचे तेवढे आटते आणि खळही जाते.

दुपटे म्हणजे लहान, पातळ गोधडीच. मऊ कापडाचे थर एकावर एक अंथरून, कच्च्या टाक्यांनी जखडून, कडेपासून आत धावदोरा घालत नेतात.

कुंची ही या संचातली हौसेची वस्तू : डोक्याला टोपीसारखी बसणारी, पाठीवर झालरीसारखी सुटणारी. ती खणाची शोभते. चोळीचा हा खण प्रामुख्याने उत्तर कर्नाटकातील गुळेदगुड्डचा, पण महाराष्ट्रातही घरोघरी रुळलेला. त्याला आतून मऊ सुती अस्तर हवेच. बारशाला कुंची घालतात. पुढे पहिल्या संक्रांतीला काळे झबले किंवा झगा आणि हलव्याचे दागिने घालून बोरन्हाण करतात. वर्षभर शुभकार्यात टाळला जाणारा काळा रंग या सणाला मुद्दाम निवडतात. थंडीच्या दिवसांत तो ऊब धरतो. मात्र झोपलेल्या तान्ह्याच्या डोक्यावर कुंची ठेवू नये आणि अंगावर सैल दुपटे टाकू नये, असे आजचे बालरोगतज्ज्ञ सांगतात. परंपरेचा आदर राखूनही हा सल्ला पाळलाच पाहिजे.

हे सारे हातशिलाईवर भागत असे. शिवणयंत्र घरात आल्यावर बाळंतविड्यापुढचे कपडेही घरी होऊ लागले : चड्ड्या, परकर-पोलकी, झालरीचे झगे. मुलींच्या शिक्षणातही शिवणाला जागा मिळाली. १९०९ मध्ये रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या पुणे सेवासदनात शिवणाचे वर्ग चालत. घरी शिवताना वाढत्या मुलीच्या परकराला खाली आडवे टक घालून ठेवत आणि उंची वाढली की एकेक टक उसवत. दोन-तीन वर्षे तोच परकर पुरे.

तयार कपड्यांच्या दुकानांमुळे बाळंतविडा आता बराचसा विकत येतो. लंगोटाची जागा बहुतेक शहरी घरांत डायपरने घेतली आहे. दुपटी आणि कुंच्या मात्र अजून शिवल्या जातात, आणि बांधायच्या बंदांचे झबले यंत्रावर तयार होऊन दुकानातही त्याच बेताने विकले जाते.