कौलाच्या पाठीवरचं साल

३ जून २०२०. त्या दिवशी दुपारी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर चढलं आणि नागावच्या आमच्या घराचं एक पाखं निम्मं उघडं पडलं. संध्याकाळी वारा पडल्यावर अंगणात उतरलो. वाडीतल्या पोफळी आडव्या झाल्या होत्या, माडांचे शेंडे पिळवटून निघाले होते आणि पायाखाली लाल खापऱ्यांचा खच होता. त्या खचात एक कौल अखंड, पालथं पडलेलं दिसलं. आजवर घराच्या पोटात तोंड करून बसलेली त्याची पाठ पावसाने धुतली गेली होती आणि तिच्यावरची रोमन अक्षरं लख्ख वाचता येत होती. बाझल मिशन टाइल वर्क्स. खाली साल : १८६५.

हे साल आमच्या घरात लहानथोरांना पाठ. आजोबा ओटीवर बसलेल्या पाहुण्याला वर बोट दाखवून सांगत, “घर पासष्ट सालचं. कौलावरच लिहिलंय.” पाहुणा मान वर करून बघे आणि मान डोलवे. माजघरातल्या तुळईवर मात्र सुताराने कोरून ठेवलेला शक १८१३ आहे, म्हणजे इसवी सन १८९१. दोन आकड्यांमध्ये सव्वीस वर्षांचं अंतर. दोन्ही आकडे रोज डोक्यावर होते, पण ते एकमेकांशेजारी मांडून बघावेत असं कुणाला वाटलं नाही. मलाही नाही. छपरावर ताडपत्री ओढून काढलेल्या त्या पावसाळ्यात मी ते पहिल्यांदा मांडले.

१८६५ हे आमच्या घराचं साल नाही, त्या कौलाचंही नाही. ते कारखान्याचं साल आहे. मंगळूरला जेप्पू भागात बाझल मिशनचा कौलांचा कारखाना सुरू झाला ते हे साल. पुढे कारखान्यातून जे कौल बाहेर पडलं त्याच्या पाठीवर हा जन्मशक उमटत राहिला. कोकणपट्टीतल्या कितीतरी घरांनी तो आपलाच मानला असेल.

आपल्या मनात कोकणातल्या घराचं एक चित्र ठरलेलं असतं. लाल कौलं, उतरतं छप्पर, पुढे ओटी, मागे वाडी. हे चित्र आपण परशुरामाच्या काळापर्यंत मागे नेतो. मी ते आजही जिवापाड जपतो, म्हणूनच त्याची खरी कुळी मला माहीत असावी असं वाटतं. ती लाल, चपटी, खाचांची मंगलोरी कौलं ही व्हिक्टोरिया राणीच्या काळातली, यंत्रावर दाबून काढलेली वस्तू आहे. आमच्या आजीच्या पिढीतली जुनी माणसं तिला ‘विलायती कौल’ म्हणत, आणि ते अगदी बरोबर होतं.

आधी काय होतं? गरिबाच्या घरावर पेंढा किंवा झावळ्या. ज्याला परवडे त्याच्या घरावर नळीची कौलं. कुंभार चाकावर एका टोकाला निमुळती होत जाणारी नळी ओढायचा, ओली असतानाच तिला उभा चिरा द्यायचा, आणि एका नळीची दोन अर्धगोल कौलं व्हायची. एक ओळ उताणी, तिच्या कडांवर दुसरी ओळ पालथी. उताण्या ओळीतून पाणी वाहतं, पालथी ओळ सांधा झाकते. पद्धत साधी आणि शहाणपणाची, पण ही कौलं कशालाच धरलेली नसत. ती स्वतःच्या वजनाने पडून राहायची, म्हणून छप्पर फार उभं करता येत नसे. उतार वाढला की कौलं घसरायची. वानर उडी मारून गेलं, बोका धावला की ओळ फिसकटायची. त्यामुळे दर वैशाखात शाकारणी आलीच. माणसं पाख्यावर चढून सगळी कौलं उतरवत, फुटकी बाजूला काढत, झाडून पुसून पुन्हा लावत. आमच्याकडे पाऊस ऐंशी इंचांच्या आसपास. शाकारणी चुकली तर आषाढात माजघरात पातेली मांडायची पाळी यायची.

मराठीत कौल हा शब्द देवाला लावायच्या कौलासाठीही आहे. तो अरबीतून आलेला, बोल किंवा वचन या अर्थाचा, निराळा शब्द. पण पावसाळ्याच्या तोंडावर छपराकडे बघत बसलेल्या माणसाला दोन्ही कौल एकच वाटत असतील.

मंगलोरी कौलाचं मूळ मंगळूरच्याही पलीकडे आहे. फ्रान्समधल्या आल्झास प्रांतात आल्टकिर्श नावाचं गाव आहे. तिथल्या जिलार्दोनी नावाच्या दोघा भावांनी १८४१ साली एका नव्या कौलाचं पेटंट घेतलं. तोवर युरोपातली चपटी कौलंही एकावर एक दुहेरी-तिहेरी चढवावी लागत, नाहीतर सांध्यातून पाणी शिरे. या भावांनी कौलाच्या कडेलाच पन्हळ काढली. एका कौलाची उभी कड शेजारच्याच्या खाचेत बसते, वरच्याचं तोंड खालच्याच्या माथ्यावर बसतं, आणि पाठीवरच्या उंचवट्यांनी प्रत्येक कौल रिपेला अडकतं. ते पडून राहत नाही, टांगलेलं असतं. हा फरक ऐकायला बारीक वाटतो, पण घराचा आकार त्यानेच बदलला.

आल्टकिर्शपासून स्वित्झर्लंडमधलं बाझल जवळच आहे. बाझल मिशन १८१५ साली तिथे स्थापन झालं आणि १८३४ मध्ये त्याचे पहिले पाद्री मंगळूरला उतरले. धर्मांतर केलेल्या माणसाचं घर तुटे, जात तुटे आणि बरोबर पोटाचा धंदाही तुटे. त्यांना काम देणं मिशनला भाग होतं. छापखाना झाला, विणकाम झालं. मग मिशनच्या जॉर्ज प्लेब्स्ट या यंत्रकामाच्या जाणकाराचं लक्ष मंगळूरच्या नद्यांकाठच्या चिकणमातीकडे गेलं. बैलांकडून माती मळून घ्यायची, साच्यात दाबायची, सावलीत वाळवायची आणि भट्टीत भाजायची. सुरुवात एवढीच होती. पण कौल उत्तम निघालं. हलकं, एकसारखं आणि खणखणीत. सरकारी बांधकामखात्याला ते पसंत पडलं. बघता बघता मंगळुरात देशी मालकांचेही कारखाने उभे राहिले. मिशनने स्वतः मालपे, कोळिकोड, फरोख, कोडक्कल इथे भट्ट्या पेटवल्या. प्रत्येकाचा छाप वेगळा, पण लोकांच्या तोंडी सगळ्यांचं नाव एकच राहिलं, मंगलोरी.

या कौलाचं भाग्य असं की ते समुद्रकाठी जन्मलं. इतकं जड आणि इतकं फुटणारं सामान बैलगाडीतून घाट चढवून नेणं परवडलं नसतं. फत्तेमारींच्या आणि गलबतांच्या पोटात मात्र ते हजारोंनी मावे. नारळी पौर्णिमेला दर्या मोकळा झाला की पुढे मेपर्यंत शिडाची जहाजं किनाऱ्याकिनाऱ्याने मुंबईकडे कौलं वाहत. मंगळूरहून मुंबईला जायचं तर आमचा किनारा वाटेवरच. कोकणात रस्ते नव्हते, खाड्या होत्या. त्यामुळे देशावरच्या एखाद्या गावाआधी मंगळूरचं कौल आमच्या अलिबागकडच्या अष्टागरात पोचलं याचं मला नवल वाटत नाही.

ते विकत घेणारं गिऱ्हाईकही इथे तयार होत होतं. १८४० साली आंग्र्यांचं कुलाबा संस्थान खालसा झालं, १८६९ मध्ये कुलाबा जिल्हा वेगळा झाला आणि अलिबाग जिल्ह्याचं ठाणं बनलं. कचेरी, शाळा, साहेबाचा बंगला या इमारती डोळ्यांसमोर उभ्या राहिल्या. बंगला हा शब्दही किती फिरून आला बघा! बंगालच्या धर्तीचं घर ते बंगला. इंग्रजांनी तो उचलला, चारी बाजूंनी व्हरांडा लावला आणि देशभर नेला. वाड्यांतले नारळ-सुपारी मुंबईच्या बाजारात जात होते. घरटी एखादा तरी मुंबईला कारकून, मास्तर किंवा गोदीत नोकर होता. रेवदंडा-नवगावकडच्या बेने इस्रायल मंडळींनी, म्हणजे आमच्या शनवार तेल्यांनी, पिढीजात घाणा सोडून पलटणीत नोकऱ्या धरल्या आणि पेन्शन घेऊन ते गावी परतू लागले. या पैशाने जुनी घरं उतरवून नवी बांधली गेली. मुरूडला जंजिऱ्याच्या नवाबाने सिद्दी अहमदखानाच्या काळात, १८८५ च्या सुमारास, किनाऱ्यावरच्या टेकाडावर कमानी-घुमटांचा राजवाडा उठवला. कित्येक पिढ्या पाण्यातल्या किल्ल्याशी बांधलेलं घराणं जमिनीवर असं उघड्या वाऱ्यात घर बांधतं, त्यातूनच काळ पालटल्याचं कळतं. नवाबाने ते दगडात केलं. आमच्यासारख्यांनी आपापल्या ऐपतीने सागात आणि कौलात केलं.

आता आमच्याच घरात चला.

नळीच्या कौलाखाली पोफळ चिरून केलेल्या रिपा चालत. वाकड्यातिकड्या, जवळ-लांब, कशाही असल्या तरी कौल सांभाळून घेई. मंगलोरी कौल काहीच सांभाळून घेत नाही. दोन रिपांमधलं अंतर पाख्यावर कुठेही बोटभर चुकलं तरी वरचं कौल खालच्यावर बसत नाही. म्हणजे रिपा सरळ हव्यात. रिपा सरळ हव्यात तर वासे एका सुतात हवेत, वासे सुतात हवेत तर आढं ओळंब्यात हवं, आणि आढं नीट हवं तर खालचे खांब आणि भिंती काटकोनात हव्यात. आमच्या मागीलदारची जुनी गोठ्याची पडवी आणि पुढचं घर शेजारी शेजारी बघितलं की हे डोळ्यांना दिसतं. पडवी हाताच्या अंदाजाने बांधलेली आहे, घर गजाने. कारखान्यातल्या साच्याने छपरावर बसून खाली पायापर्यंत शिस्त लावली.

दुसरी गोष्ट उताराची. कौल टांगलेलं, म्हणून पाखं उभं करता आलं. पाखं उभं झालं तसं आढं वर गेलं, आणि आढं वर गेल्यावर त्याखाली माळा मिळाला. आमच्या लहानपणीचं अर्धं आयुष्य त्या माळ्यावर गेलं. तिथे सुपाऱ्या असत, कडधान्याच्या कणग्या असत, आंब्याची अढी असे, आणि उन्हाळ्यात मुंबईहून आलेली आम्ही अकरा पोरं. घराच्या दर्शनी बाजूला छपराचा जो उंच त्रिकोण झाला तो मोकळा कसा सोडायचा, म्हणून तिथे लाकडी जाळी आली आणि तिच्या माथ्यावर निळ्या-तांबड्या काचा. वळचणीला कातरलेल्या फळ्यांची झालर आली. ती झालर थेट विलायतेतल्या व्हिक्टोरियन घरांची. रेल्वे स्टेशनांवर, बंगल्यांवर आपल्या सुतारांनी ती पाहिली आणि उचलली. पण आमच्या झालरीत इंग्रजी वेलबुट्टी नाही, आंब्याची कुयरी आहे, आणि दर चौथ्या फळीवर मोर आहे. पावसाच्या पागोळ्या त्या मोरांच्या चोचींवरून गळत.

आत मात्र घराने आपला क्रम मोडला नाही. ओटी, माजघर, देवघर, स्वयंपाकघर, बाळंतिणीची खोली, न्हाणी. चारी बाजूंनी व्हरांड्याची साहेबी पद्धत आमच्या आज्यांना मानवणारी नव्हती. पुरुषांची ऊठबस ओटीवर आणि बायकांचा वावर मागीलदारी असा घराचा कणा होता. म्हणून हे घर बंगल्याची नक्कल आहे असं कुणी म्हटलं तर मला पटत नाही. छप्पर परदेशातून आलं, त्याखालचं जगणं इथलंच राहिलं. त्या जगण्यातला बायकांच्या वाट्याचा अंधारही तसाच राहिला. चुलीपाशी भर दुपारी चिमणी लावावी लागे, इतकी ती खोली काळोखी होती.

तिथे थोडा उजेड आणला तो काचेच्या कौलाने. मंगलोरी कौलाच्याच साच्याचं, तशाच खाचांचं काचेचं कौल मिळू लागलं. मातीचं एक कौल काढायचं, त्या जागी हे बसवायचं. भिंत फोडावी लागत नाही, खिडकी करावी लागत नाही. आमच्या स्वयंपाकघरावर एक होतं. धुरातून खाली येणारा त्याचा कवडसा आजीचं घड्याळ होता. तो वैलाजवळ आला की भाताचं आधण, जात्याजवळ गेला की पानं घ्यायची. ऋतू पालटले की कवडशाची वाट सरके, आणि आजी मनातल्या मनात तिचा हिशेब ठेवी.

वादळात तेही फुटलं.

पडलेली कौलं उलटी करून बघताना आणखी एक गोष्ट कळली. सगळ्यांवर बाझल मिशनचा छाप नव्हता. काहींवर ‘कॉमनवेल्थ ट्रस्ट’ अशी अक्षरं होती. पहिलं महायुद्ध पेटल्यावर इंग्रज सरकारने मिशनमधल्या जर्मन माणसांना शत्रू ठरवलं, कारखाने ताब्यात घेतले, आणि युद्धानंतर ते कॉमनवेल्थ ट्रस्ट या कंपनीकडे गेले. युरोपातल्या त्या युद्धाची खूण नागावच्या एका छपरावर शंभर वर्षं पाऊस झेलत होती. पणजोबांनी केव्हातरी फुटलेली कौलं बदलली असणार. त्यांना बाजारात जी मिळाली ती त्यांनी लावली.

आम्हाला मात्र बाजारात मिळेनात. वादळानंतर कौलांना एकाएकी मागणी आली. मंगळूरकडचे कित्येक कारखाने माती आणि गिऱ्हाईक दोन्ही आटल्यामुळे केव्हाच बंद पडले होते. गावात बऱ्याच जणांनी कौलं काढून पत्रे घातले. मी त्यांना नावं ठेवत नाही. पोराबाळांच्या डोक्यावर पाऊस पडत असताना कुणी कुळकथा शोधत नाही. आणि दुसऱ्या टोकाला, किहीम-आवासकडच्या नव्या बंगल्यांसाठी मोडीतली जुनी कौलं चढ्या भावाने उचलली जात होती. नवं कौल मिळालं तरी जुन्यात बसत नाही, कारण कारखाना बदलला की खाच केसभर बदलते. आम्हाला त्याच छापाची हवी होती. शेवटी चौलला एक घर उतरवत होते, तिथे साडेतीनशे मिळाली.

दिवाळीनंतर सुतारमामा आले. वय सत्तरीचं, पण पाख्यावर मांजराच्या पायांनी चालतात. त्यांनी आधी अंगणात मांड घातली. एकेक कौल डाव्या तळहातावर तोलून धरायचे आणि उजव्या हाताच्या बोटाच्या पेराने टिचकी मारायचे. खण्ण वाजलं तर उजवीकडे. बद्द वाजलं तर डावीकडे, मग ते दिसायला कितीही धड असो. “आतनं चीर आहे त्याला. वर्षात फुटेल,” एवढंच बोलायचे. साडेतीनशेतली एकतीस डावीकडे गेली. मग मी खालून द्यायचो, त्यांचा मुलगा शिडीवर झेलायचा, मामा बसवायचे. वळचणीकडून सुरुवात करून ओळीमागून ओळ आढ्याकडे. बसताना प्रत्येक कौल एक बारीक टक् असा आवाज करतं. तो आवाज झाला नाही तर मामा ते काढून पुन्हा लावत.

वादळाच्या संध्याकाळी सापडलेलं ते अखंड कौल मी देवघरात जपून ठेवलं होतं. दाखवायला, आठवण म्हणून. मामांनी ते बघितलं, टिचकी मारली आणि म्हणाले, “हे खाली कशाला ठेवलंत? द्या वर.” मी दिलं.

शेवटचं बसवलं ते काचेचं. ते पनवेलच्या एका जुन्या मालाच्या दुकानातून आणलं होतं, हिरवट झाक असलेलं, एका कोपऱ्यात बुडबुडा अडकलेलं. मामा उतरले तेव्हा साडेअकरा होत आले होते. आत गेलो तर स्वयंपाकघराच्या शहाबादी फरशीवर कवडसा पडला होता, आणि त्याच्या मधोमध त्या बुडबुड्याची मोहरीएवढी सावली. आई गॅसपाशी उभी होती. तिने जमिनीकडे बघितलं, मग भिंतीवरच्या घड्याळाकडे, आणि तांदळाचा डबा उघडला.