स्मृतिभ्रंशाचे औषध आणि घराचा उंबरठा : एका प्रश्नाचा इतिहास

प्रास्ताविक

वडोदऱ्याच्या जुन्या शहरात लहरीपुरा दरवाजातून मांडवीकडे निघाले की गुजराती, मराठी आणि उर्दू अशा तिन्ही भाषा कानांवर पडतात. म्हातारपणीच्या विसराळूपणाविषयी या तिन्ही भाषा जवळजवळ एकच बोलतात. मराठीत 'साठी बुद्धी नाठी', गुजरातीत 'साठे बुद्धि नाठी', तर उर्दूत 'सठिया जाना'. तिन्हींत दोष वयाला दिला आहे, आजाराला नाही.

दुसरा शब्द 'नर्सिंग होम'. आपल्याकडे त्याचा अर्थ बाळंतपणाचे वा शस्त्रक्रियेचे खासगी इस्पितळ. पाश्चात्त्य देशांत मात्र परावलंबी वृद्धांनी कायम राहावयाची शुश्रूषासंस्था. म्हणून 'अल्झायमरच्या औषधाने नर्सिंग होममधील प्रवेश लांबतो काय?' हा प्रश्न आपल्यासाठी असा मांडावा लागतो : औषधामुळे रुग्णाला घरात सांभाळणे अधिक काळ शक्य होते काय? प्रस्तुत लेखात या प्रश्नाच्या उत्तराचा इतिहास थोडक्यात पाहावयाचा आहे.

पहिली रुग्ण

या आजाराची पहिली नोंदच घर सुटण्याची आहे. १९०१ साली ऑगुस्ट डेटर या ५१ वर्षांच्या स्त्रीला तिच्या पतीने फ्रँकफुर्टच्या मनोरुग्णालयात दाखल केले. घरी तिला सांभाळणे त्याला अशक्य झाले होते. १९०६ च्या एप्रिलमध्ये ती वारली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये अलोइस अल्झायमर यांनी तिच्या मेंदूतील बदल विद्वानांपुढे मांडले. योगायोग असा की, सयाजीराव महाराजांनी बडोदे संस्थानात सर्वत्र प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले तेही १९०६ सालीच. अल्पशिक्षण हा स्मृतिभ्रंशाचा धोका वाढविणारा एक घटक मानला जातो, हे आज शिक्षकांनी ध्यानात घेण्याजोगे आहे.

औषधांचे आगमन

अल्झायमरच्या रुग्णांच्या मेंदूत अॅसिटिलकोलीन या द्रव्याची उणीव असते, असे १९७० च्या दशकात दिसून आले. हे द्रव्य लवकर नष्ट होऊ नये म्हणून निघालेल्या औषधांपैकी टॅक्रिनला १९९३ मध्ये आणि डोनेपेझिलला १९९६ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. यकृतावरील दुष्परिणामांमुळे टॅक्रिन मागे पडले, डोनेपेझिल टिकले.

आरंभीचे निष्कर्ष आशादायक होते. २००३ मधील एका अभ्यासात डोनेपेझिल पुरेशा मात्रेत सातत्याने घेणाऱ्यांचा संस्थाप्रवेश सुमारे २१ महिने लांबल्याचे नोंदले गेले. परंतु येथे संशोधनपद्धतीचा प्रश्न उभा राहतो. औषध सातत्याने कोण घेतो? ज्याची प्रकृती त्यातल्या त्यात बरी आहे आणि ज्याच्या घरी वेळेवर गोळी देणारे माणूस आहे, तो. मग प्रवेश लांबला तो गोळीमुळे की त्या माणसामुळे?

ही शंका दूर करण्याचा मार्ग म्हणजे कोणाला खरे औषध व कोणाला निष्क्रिय गोळी द्यावयाची, हे चिठ्ठीने ठरविणे. ब्रिटनमधील 'एडी २०००' या चाचणीत ५६५ रुग्णांबाबत असे केले गेले. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार तीन वर्षांत डोनेपेझिल घेणाऱ्यांपैकी ४२ टक्के, तर निष्क्रिय गोळी घेणाऱ्यांपैकी ४४ टक्के संस्थेत गेले. हा फरक नगण्य होय. अर्थात या चाचणीत योजलेल्यापेक्षा फारच कमी रुग्ण आले, हा आक्षेपही रास्त आहे.

पुढे 'डोमिनो' या ब्रिटिश चाचणीत मध्यम ते तीव्र अवस्थेतील २९५ रुग्ण होते. तिच्या २०१५ च्या विश्लेषणात दिसले की, चालू असलेले डोनेपेझिल बंद केलेल्यांचा पहिल्या वर्षातील प्रवेशाचा धोका जवळजवळ दुप्पट झाला. नंतरच्या तीन वर्षांत मात्र फरक उरला नाही. तात्पर्य, औषध काही काळ आधार देते, पण आजाराची वाट बदलत नाही. लेकॅनेमॅबसारखी अलीकडची औषधे ऱ्हासाचा वेग थोडा कमी करतात. त्यांमुळे संस्थाप्रवेश लांबतो, हे दीर्घ मुदतीच्या चाचणीने अद्याप सिद्ध व्हावयाचे आहे.

सांभाळणाऱ्याचा आधार

या इतिहासातील बोलका आकडा गोळीचा नाही. न्यूयॉर्क विद्यापीठाच्या अभ्यासात रुग्णाला सांभाळणाऱ्या ४०६ पती-पत्नींपैकी निम्म्यांना सहा समुपदेशन बैठका, आधारगट आणि हवा तेव्हा फोनवरून सल्ला मिळाला. २००६ च्या अहवालानुसार त्यांच्या रुग्णांचा संस्थाप्रवेश सुमारे ५५७ दिवस, म्हणजे दीड वर्षाने लांबला.

उपसंहार

२०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार भारतात साठीपुढील सुमारे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश आहे. त्यांतील बहुतेकांसाठी संस्था म्हणजे घर, आणि परिचारिका म्हणजे पत्नी, सून वा मुलगी. ती थकली तर रुग्णाला जावयास दुसरी जागा नाही. डॉक्टरांनी दिलेले औषध आपल्या मनाने बंद करू नये, हे वरील इतिहास सांगतो. पण केवळ औषधावर विसंबू नये, हेही तोच सांगतो.

आपल्या महाविद्यालयांना यात करण्यासारखे आहे. गृहशुश्रूषेचा लहानसा अभ्यासक्रम, तोही मोहल्ल्याच्या भाषेत. महिन्यातून एकदा सांभाळणाऱ्यांची बैठक. आणि 'सठिया गए' असे म्हणण्याऐवजी 'आजारी आहेत' असे म्हणण्याची सवय. ही सवय वर्गातून लावणे भाषेच्या शिक्षकाला सहज शक्य आहे.